किल्ली देण्यापूर्वी

शास्त्रपाठ : १ राजे १:५-६, गलती ४:१-२, अनुवाद २२:८



दावीद राजाच्या म्हातारपणाची हकीकत सांगताना शास्त्रलेखकाने मध्येच एक लहानशी गोष्ट नमूद केली आहे. पुढे राजगादीचा मोठा प्रसंग येतो, म्हणून आपण ती वाचतो न वाचतो तोच पुढे सरकतो. अदोनीया हा दावीदाचा मुलगा, अबशालोमानंतर जन्मलेला आणि दिसायला फार देखणा. त्याने आपल्यासाठी रथ आणि घोडेस्वार सिद्ध केले व आपल्यापुढे धावण्यासाठी पन्नास माणसे ठेवली. एवढे सांगून लेखक लगेच बापाविषयी सांगतो. तू असे का करतोस, हा प्रश्न विचारून दावीदाने या मुलाला आयुष्यात कधीही दुखवले नव्हते.

रथाला पैसा कोठून आला, हे शास्त्र सांगत नाही. पण राजपुत्राकडे बापाच्या वाड्याबाहेरचे दुसरे कोणते धन असणार? घोडे बापाच्या तबेल्यातले, धान्य बापाच्या कोठारातले आणि रस्ता बापाच्या नगरातला. रथ दारातून बाहेर पडताना साऱ्या यरुशलेमेने पाहिला. फक्त ज्याने विचारायचे त्याने विचारले नाही. पुढे थोड्याच दिवसांत अदोनीयाचा अंत कसा झाला, हे याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

आज आपल्या घरांत रथ नाहीत. परंतु हा प्रश्न आपल्या घरांत आला आहे, आणि आमच्या मते तो मंडळीपुढे उघडपणे ठेवण्याची वेळ आली आहे. समजा, आपल्या मंडळीतलेच एक कुटुंब आहे. वडील रेल्वेच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले आहेत, आई शाळेत शिक्षिका आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तरुण संघात गिटार वाजवतो, नाताळात गीतमंडळीबरोबर घरोघर फिरतो. स्वभावाने चांगला आहे. लायसन्स मिळून त्याला चार महिने झाले आहेत. त्याला चारशे सी.सी.ची मोटारसायकल हवी आहे. "पप्पा, माझ्या सगळ्या मित्रांकडे आहे. हप्ते मी नोकरी लागल्यावर फेडीन." वडिलांचा फंड बँकेत पडून आहे. आईचे मन धास्तावले आहे. पण मुलाचा उतरलेला चेहराही तिला बघवत नाही. मुलगा दोन दिवस नीट जेवलेला नाही.

अशी घरे बेळगावात आहेत, इंदुरात आहेत, गोव्यात आणि बडोद्यातही आहेत. कोठे मोटारसायकलीच्या जागी मोटार असेल, कोठे मुलाच्या जागी मुलगी असेल. प्रश्न तोच आहे. ज्याच्या हाताला अजून सवय नाही, त्या हातात एवढी शक्ती द्यावी की नाही?

शक्ती म्हणजे काय, ते आधी पाहू

या बाबतीत पुष्कळ आईबाप आपल्या तरुणपणाच्या मोजमापाने विचार करतात. "आम्हीही अठराव्या वर्षी गाडी चालवत होतो, काही झाले नाही," असे म्हणतात. पण ती गाडी कोणती होती? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन ७९६ सी.सी.चे आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत. त्या मोटारीत चार-पाच माणसे बसून गावाला जात. आज बाजारात मिळणाऱ्या चारशे सी.सी.च्या आतबाहेरच्या काही मोटारसायकलींचे इंजिन चाळीस अश्वशक्तीहून अधिक ताकद देते, आणि त्या दुचाकीचे वजन त्या मोटारीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढे असते. म्हणजे जी शक्ती पूर्वी सारे कुटुंब वाहून नेत असे, तिच्याहून अधिक शक्ती आता दोन चाकांवर, एका मुलाच्या उजव्या मनगटाखाली आली आहे.

वेगाचा हिशेबही सरळ नाही. वेग दुप्पट झाला तर आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. चाळीसच्या वेगाने आदळणारी गाडी आणि ऐंशीच्या वेगाने आदळणारी गाडी यांत हा फरक आहे. शिवाय रस्त्यावर काही दिसल्यापासून पाय किंवा हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी साठ किलोमीटर वेग असेल तर त्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते; शंभर असेल तर सुमारे २८ मीटर. ब्रेक त्यानंतर लागतो. जुनी कमी ताकदीची गाडी वेग घ्यायला वेळ लावी, आणि तेवढ्या वेळात चालवणाऱ्याला शहाणपण सुचत असे. शक्तिशाली गाडी हा अवधी देत नाही.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात नमूद आहे. म्हणजे दररोज सुमारे ४६०. शंभरातले एकाहत्तर मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. मृतांपैकी चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते, आणि साधारण दोनतृतीयांश मृत अठरा ते पंचेचाळीस या वयाचे होते. हे आकडे आम्ही कोणाला घाबरवण्यासाठी देत नाही. पण किल्ली देताना आपण काय देतो, हे आईबापांना ठाऊक असले पाहिजे.

एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की शक्ती ही वाईट नव्हे. घोड्याला बळ देवानेच दिले. चांगले इंजिन बनवणाऱ्या कारागिराची बुद्धीही देवाचीच देणगी आहे. तरुण मुलाला वेगाचा आनंद वाटतो, यात पाप आहे असे म्हणून आपण त्याला दूर लोटू नये. प्रश्न शक्तीचा नाही, योग्य वेळेचा आहे.

शौलाचे चिलखत

दावीद गल्याथाशी लढायला निघाला तेव्हा शौल राजाने त्याला आपला शिरस्त्राण व चिलखत घातले आणि तलवार दिली (१ शमुवेल १७:३८-३९). शौलाने ते वाईट हेतूने दिले नाही. घरातले उत्तमातले उत्तम त्याने त्या पोराला दिले. दावीदाने ते घालून चालून पाहिले. मग, ह्यांचा मला सराव नाही, असे सांगून त्याने ते काढून ठेवले. आपली गोफण आणि ओढ्यातले पाच गोटे घेऊन तो गेला.

या प्रसंगातून पराक्रमाचे धडे आपण रविवारच्या शाळेत पुष्कळ शिकवतो, पण हा धडा क्वचितच शिकवतो. दावीदाने चिलखताची निंदा केली नाही. स्वतःला भित्रा म्हणवून घ्यावे लागेल, याचीही त्याला लाज वाटली नाही. राजाने दिलेली वस्तू सर्वांसमक्ष काढून ठेवायला मोठे धैर्य लागते. पुढे हाच दावीद चिलखत घालणारा सेनापती झाला. वस्तू तीच होती, मध्ये वर्षे गेली आणि सराव झाला.

तेव्हा शिक्षकांनी वर्गातल्या मोठ्या मुलांना हे जरूर सांगावे, की "मला अजून सराव नाही" हे वाक्य भ्यालेल्याचे नव्हे. तो गल्याथाला मारणाऱ्याचा कबुलीजबाब आहे.

बापाने ठरवलेली मुदत

पौलाने गलतीकरांस लिहिताना आपल्या काळच्या घरातला एक दाखला दिला आहे. वारस सगळ्याचा धनी असला, तरी तो लहान असेपर्यंत त्याच्यात आणि दासात काही भेद नसतो. बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत तो पालक व कारभारी यांच्या हाताखाली असतो. प्रेषिताचा मुख्य विषय येथे नियमशास्त्र आणि सुवार्ता हा आहे, हे आम्ही विसरत नाही. पण दाखला घरातला आहे, म्हणून घरालाही तो काही शिकवतो.

पहिली गोष्ट, मुदत असणे म्हणजे वारसा नाकारणे नव्हे. मुलगा वारस आहे, आणि आज हाती न येणारी वस्तूही उद्या त्याचीच आहे. दुसरी गोष्ट, मुदत बापाने ठरवलेली असते. ती मुलाच्या मित्रांनी ठरवलेली नसते, शोरूममधल्या विक्रेत्याने नसते आणि शेजारच्या घरी गेल्या महिन्यात आलेल्या गाडीनेही नसते. तिसरी गोष्ट पुष्कळदा आपल्या नजरेतून सुटते. मुदत ही मुदत असली पाहिजे, म्हणजे तिला शेवट असला पाहिजे. "नाही म्हणजे नाही" ही मुदत नव्हे. जो बाप फक्त "नाही" म्हणतो आणि "केव्हा" ते सांगत नाही, तो मुलाला थांबायला शिकवत नाही. तो त्याला चोरून मित्राची गाडी घ्यायला शिकवतो.

इतर देशांनी ही टप्प्याटप्प्याची रीत कायद्यातच आणली आहे. न्यूझीलंडने १९८७ साली नव्या चालकांसाठी पायऱ्यांचे लायसन्स सुरू केले. आरंभीच्या काळात रात्री आणि सोबती घेऊन चालवण्यावर बंधने असतात. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी १२५ सी.सी.पर्यंतची मोटारसायकल चालवता येते, एकोणिसाव्या वर्षी परीक्षा देऊन मध्यम ताकदीची आणि कितीही ताकदीची गाडी त्यानंतर. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील कोणीही सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवू शकत नाही. सोळाव्या वर्षी मुभा आहे ती फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीची. परंतु अठरा पुरी झाली की गिअरच्या मोटारसायकलीचे जे लायसन्स शंभर सी.सी.ला चालते, तेच हजार सी.सी.लाही चालते. मोटारीचेही तसेच. मधल्या पायऱ्या आपल्या कायद्याने बांधलेल्या नाहीत. म्हणून त्या घराने बांधाव्या लागतात. सरकारने लायसन्स दिले म्हणजे बापाची मुदत संपली, असे होत नाही.

धाब्याचा कठडा

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. नाही तर कोणी खाली पडला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घराण्यावर येईल. पाहा, देवाने घर बांधू नको असे सांगितले नाही, धाब्यावर जाऊ नको असेही सांगितले नाही. पण जो पडेल तो आपल्या घरचाच असेल असे नाही, पाहुणाही असू शकेल. आणि दोष पडणाऱ्यावर नाही, कठडा न करणाऱ्यावर येतो.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे मालकाला ठाऊक नसेल तर मालक निर्दोष. पण लोकांनी त्याला सांगितले असूनही त्याने बैल बांधून ठेवला नाही आणि माणूस मेला, तर मालकही अपराधी. ठाऊक असणे आणि न बांधणे, या दोहोंच्या मध्ये अपराध आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही आता हेच धरले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध केले तरच तो सुटतो. मोशेच्या नियमशास्त्रातला बैलाचा मालक आणि आजच्या कायद्यातला पालक एकाच दारात उभे आहेत.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात रात्री एका महागड्या, शक्तिशाली मोटारीची धडक बसून मोटारसायकलीवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. न्याय करणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. आपण फक्त इतके लक्षात घ्यावे की त्या सकाळी साऱ्या देशाने जे प्रश्न विचारले, त्यांत एक हाही होता, की किल्ली त्याच्या हाती कशी आली? हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात. आदल्या दिवशी तो विचारू शकतात फक्त घरची माणसे.

आणि शेजाऱ्याचा विचार करू. मुलाला गाडी द्यावी की नाही, यावर बोलताना आपण आपल्याच मुलाच्या जिवाची काळजी करतो. ती योग्यच आहे. पण चोर्ला घाटाच्या वळणावर समोरून दुसऱ्या कोणाचा मुलगा येत असतो. कोल्हापूर-बेळगाव महामार्गावर ऊस नेणारी बैलगाडी संध्याकाळी दिव्याशिवाय चाललेली असते. शहराच्या चौकात भाजीची पिशवी घेऊन एखादी म्हातारी रस्ता ओलांडत असते. आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, ही आज्ञा त्या म्हातारीपर्यंत पोहोचली नाही, तर ती कोठे पोहोचली?

दोन चुका

दावीदाच्या घरातच दोन प्रकारच्या चुका आपल्याला दिसतात. अदोनीयाला त्याने कधी काही विचारले नाही. अबशालोमाच्या बाबतीत याच्या उलट झाले. मुलगा यरुशलेमेत परत आला, पण बापाने दोन वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही (२ शमुवेल १४). नंतर भेट झाली, पण बोलणे झाल्याचे दिसत नाही. लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी अबशालोमानेही रथ, घोडे आणि पुढे धावणारी पन्नास माणसे ठेवली. एका मुलाला बापाने न विचारता सोडले. दुसऱ्याला न बोलता दूर ठेवले. दोघांनीही रथच घेतला.

आपल्या घरांतही हेच दोन रस्ते सोपे वाटतात. एक म्हणजे वाद नको म्हणून चेकवर सही करून मोकळे होणे. दुसरा म्हणजे "या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही" असे ठणकावून वर्तमानपत्र तोंडापुढे धरणे. दोन्हींत बाप बोलत नाही. शास्त्र ज्याची उणीव दाखवते तो एक प्रश्न आहे. तुला हे का हवे आहे? हा प्रश्न रागाने नव्हे, उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारावा. कदाचित मुलाला गाडी नको असेल, मित्रांत मान हवा असेल. कदाचित कॉलेज खरोखरच तीस किलोमीटर लांब असेल आणि बस वेळेवर येत नसेल. या दोन कारणांची उत्तरे वेगळी आहेत. विचारल्याशिवाय ती कशी कळणार?

येथे कोणी विचारील, उधळ्या पुत्राच्या बापाने तर मागितलेला हिस्सा देऊन टाकला, मग आम्ही का अडवावे? शंका रास्त आहे. त्या दाखल्यातला मुलगा वयात आला होता, आणि त्याने मागितले ते त्याच्या वाट्याचे होते. जो मुलगा पंचवीस वर्षांचा आहे, स्वतः कमावतो, स्वतःच्या पैशाने गाडी घेतो, त्याची किल्ली बापाने हिसकावून घेऊ नये. त्याला सल्ला द्यावा, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि दार उघडे ठेवावे. पण ज्या मुलाचे लायसन्स चार महिन्यांचे आहे आणि गाडी बापाच्या फंडातून यायची आहे, त्याच्या बाबतीत देणारा हात बापाचा आहे, म्हणून जबाबदारीही बापाची आहे. शिवाय दाखल्यातल्या बापाचे मोठेपण हिस्सा देण्यात सांगितलेले नाही. ते वाट पाहण्यात सांगितले आहे. आपण नकार दिल्यावर रुसलेल्या मुलाची वाट पाहणे, हे त्याच बापाकडून शिकावे.

प्रत्यक्षात काय करावे

आम्ही केवळ उपदेश करून थांबत नाही. ज्या घरात हा प्रश्न आला आहे, त्यांच्यापुढे काही सूचना ठेवतो.

पहिले वर्ष शंभर किंवा सव्वाशे सी.सी.ची साधी दुचाकी द्यावी, किंवा घरची लहान मोटार आईबापांपैकी एकाने शेजारी बसून चालवू द्यावी. त्या वर्षात रात्री उशिरा चालवायचे नाही, आणि मित्रांना घेऊन तर नाहीच. एकटा नीट चालवणारा मुलगा मित्र बरोबर असले की वेगळा चालवतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसून आले आहे. पावसाळ्यातला एक महिना, एक घाट, एक मोठा महामार्ग वडीलधाऱ्याबरोबर करावा. वर्ष संपल्यावर एकत्र बसून हिशेब पाहावा. दंडाची पावती आली का, गाडीवर ओरखडे किती, शब्द किती पाळला. हिशेब चांगला असेल तर ठरल्याप्रमाणे पुढची पायरी द्यावी. शब्द दिला असेल तर तो मोडू नये. मुदत बापालाही बांधते.

स्वस्त म्हणून जुनी, मोडकळीस आलेली गाडी देणे हाही मार्ग नव्हे. ताकद कमी असावी, सुरक्षितता कमी नसावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या नव्या दुचाकींना ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी ए.बी.एस. ही सोय सक्तीची आहे. जुनी गाडी घेताना ती आहे का, ते पाहावे. आय.एस.आय. छापाचे हेल्मेट पुढच्याला आणि मागच्यालाही असावे. गाडीच्या किमतीत घासाघीस करा, हेल्मेटच्या किमतीत करू नका. विम्याचे कागद बापाने स्वतः वाचावे. लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला, तर भरपाईची रक्कम विमा कंपनी पुढे मालकाकडून वसूल करू शकते; निवृत्तीचा सारा फंड त्यात जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट बापांना सांगावीशी वाटते. येहू दुरून येत होता, तोंड दिसत नव्हते. पण पहारेकऱ्याने रथ हाकण्याच्या पद्धतीवरून त्याला ओळखले (२ राजे ९:२०). आपल्यालाही आपली मुले अशीच ओळखतात. रविवारी उपासनेला उशीर झाला म्हणून बाप हेल्मेट न घालता, आईला मागे आणि धाकट्याला पुढे बसवून सिग्नल तोडत मंडळीच्या फाटकात शिरतो, तेव्हा त्याने मुलाला गाडी चालवण्याचा धडा देऊनच टाकलेला असतो. मग अठराव्या वर्षी बसून केलेल्या उपदेशाला काय अर्थ राहतो?

मंडळीलाही यात वाटा आहे. आपल्याकडे नवी गाडी आली की पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना करण्याची चांगली चाल आहे. आमची विनंती आहे की त्या प्रार्थनेआधी पाळकांनी वा पंचांनी प्रेमाने एवढे विचारावे, गाडी कोण चालवणार आणि त्याला सराव किती? हारतुरे आणि पेढ्यांमध्ये हा प्रश्न कोणाला खटकेल, हे खरे. पण जी गाडी देवाच्या हाती सोपवायची, तिच्याविषयी देवासमोर विचारायला लाज कसली? तरुण संघाने वर्षातून एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी धाब्याच्या कठड्याची आज्ञा मुलांना पाठ करून घ्यावी आणि मग विचारावे, तुमच्या घराच्या धाब्याला कठडा आहे का, आणि तुमच्या गाडीला कोणता?

खुशाल आहे ना?

अबशालोम रणांगणातून खेचरावर बसून पळत होता. खेचर दाट एलावृक्षाखाली गेले, त्याचे डोके फांद्यांत अडकले, आणि खेचर त्याच्या खालून निघून गेले. जी सवारी त्याला मिरवण्यासाठी होती ती त्याला अधांतरी लटकत ठेवून पुढे गेली. इकडे दावीद वेशीत बसून निरोपाची वाट पाहत होता. एक निरोप्या आला, दुसरा आला. लढाई जिंकली का, हे राजाने विचारले नाही. त्याने दोघांनाही एकच विचारले, तो तरुण खुशाल आहे ना? मग उत्तर ऐकून तो वेशीवरच्या खोलीत चढून रडू लागला, आणि मुलाऐवजी आपण मेलो असतो तर बरे होते, असे म्हणू लागला (२ शमुवेल १८).

हा प्रश्न प्रेमाचाच होता. त्या बापाचे आपल्या मुलावर प्रेम नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण जो प्रश्न मुलाने रथ जुंपला तेव्हा विचारायचा, तो त्याने निरोप्याला विचारला. मध्यरात्री फोन वाजल्यावर आईबाप जो प्रश्न विचारतात, तो हाच आहे. तो त्या आधी, दिवसाउजेडी, जेवणाच्या ताटावर बसून मुलालाच विचारता येतो.

त्या रेल्वेतल्या निवृत्त बापाने आज काय उत्तर द्यावे, हे त्याच्या घरी जाऊन आम्ही ठरवणार नाही. त्याला मुलगा ठाऊक आहे, रस्ता ठाऊक आहे आणि घरची ऐपत ठाऊक आहे. पण त्याने मुलाला जवळ बसवावे. "गाडी नाही" एवढेच सांगून उठू नये. "ही आज, ती दोन वर्षांनी, या अटींवर" असे सांगावे आणि कागदावर लिहून द्यावे. मुलगा रागावेल. एखादा आठवडा जेवताना बोलणार नाही. त्या आठवड्यात आईने आणि बापाने एकच मत धरावे; एकाने नाही म्हणायचे आणि दुसऱ्याने मागच्या दाराने पैसे द्यायचे, असे करू नये. आणि त्या आठवड्यातही ताट त्याच्यासाठी वाढलेले असावे. मुलाला कळले पाहिजे, की बापाने गाडी अडवली, आपल्याला अडवले नाही.

ज्याला ज्ञान उणे असेल त्याने देवाजवळ मागावे, असे याकोबाने आपल्या पत्रात शिकवले आहे. तरुण शलमोनाने राज्याच्या आरंभी संपत्ती किंवा दीर्घायुष्य मागितले नाही. बरेवाईट ओळखणारे मन मागितले. आज आईबापांनीही तेच मागावे, आणि आपल्या मुलांनाही तेच मागायला शिकवावे.

प्रार्थना : हे स्वर्गातल्या बापा, तू आमची मुले आमच्या हाती दिली आहेस, आणि त्यांना काय द्यावे व केव्हा द्यावे हे आम्हांला नेहमी कळत नाही. आम्हांला विचारायचे धैर्य दे, ऐकायची सबुरी दे, आणि नाही म्हणताना प्रीती दे. आमच्या तरुणांना आपल्या शक्तीवर ताबा दे. रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाला, जो आमचा नाही पण तुझा आहे, सुखरूप घरी पोहोचव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.